भाडेकरूची बंद खोली आणि घरमालकाची जबाबदारी

मांद्रेकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. कायद्याची माहिती असलेल्यांनी कृपया लिहा, विषय गंभीर आहे.

मांद्र्याला आमचं घर आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आई भाड्याने देते. एका खोलीतला मुलगा पाऊस सुरू व्हायच्या आधी गावी गेला. सामान आतच आहे. भाडं महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होतं, फोन केला तर "ऑक्टोबरला येतो आंटी" म्हणतो. वागायला चांगला. दाराला आमचंच लॅच आहे, त्याची एक किल्ली त्याच्याकडे आणि एक आईच्या कपाटात.

परवा पलीकडच्या वाड्यावर एका घरात छापा पडला. भाडेकरूच्या खोलीत गांजा आणि कसल्याशा गोळ्या मिळाल्या असं कळलं. त्याला नेलाच, पण घरच्या म्हाताऱ्या मालकिणीलाही जबाबासाठी खेपा घालाव्या लागताहेत. भाडेकरू आल्यापासून तिने ती खोली आतून पाहिलेलीसुद्धा नाही. तेव्हापासून आमच्या आईचा डोळ्याला डोळा लागत नाही.

जी वस्तू आपल्या हातात नाही, जिची आपल्याला कल्पनाही नाही, ती आपल्या छपराखाली सापडली म्हणून कायदा आपल्याला धरू शकतो का? आणि आईकडच्या किल्लीने खोली उघडून एकदा बघून घ्यावं का?

रापणकार
घर तुमचं, किल्ली तुमची. उघडा, बघा, दार ओढून घ्या. एवढा विचार कशाला?

अबोली_साखळी
@रापणकार, नको हो! आत काही निघालं तर मग काय करणार? आतापर्यंत आई छातीठोकपणे सांगू शकते की मला माहीत नव्हतं. बघितल्यावर तेही सांगता येणार नाही.

रापणकार
मग डोळे मिटून बसायचं?

काळाकोट
मी वकिली करते, अमली पदार्थांची प्रकरणंही चालवते. थोडं सविस्तर लिहिते.

वस्तू हातात असायलाच हवी असं कायदा म्हणत नाही. कोर्ट दोन गोष्टी बघतं. वस्तूवर तुमचा अंमल चालत होता का, आणि ती तिथे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का. दोन्ही एकत्र आल्या तर ताबा. १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात, तो खटला हत्यार कायद्याखालचा होता, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पिस्तूल दुसऱ्याच्या हाती दिलेलं असलं तरी ते ज्याच्या हुकमतीत राहतं त्याचा ताबा सुटत नाही. २०१५ च्या मोहनलाल प्रकरणात तर जप्त माल ठेवायच्या मालखान्यातून चोरलेली अफू जमिनीत पुरून ठेवलेली होती. चोरी झाली तेव्हा १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, लागूही झाला नव्हता. तरी खड्डा कुठे आहे हे त्यालाच माहीत होतं, अफू काढणं न काढणं त्याच्या हाती होतं, म्हणून नवा कायदा आल्यानंतरही ताबा त्याचाच चालू राहिला असं कोर्टाने धरलं.

म्हणजे अंगावर काही नसतानाही माणूस अडकतो. पण "छप्पर माझं" एवढ्यावरून अडकत नाही.

घरमालकासाठी याच एनडीपीएस कायद्यात वेगळं कलम आहे, २५. घर, खोली, जागा किंवा वाहन ज्याच्या मालकीचं वा वापरात आहे त्याने ते गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिलं, तर मूळ गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्याला. सगळा भार "जाणूनबुजून" वर आहे. आईंना माहीत नसेल तर हे कलम लागत नाही.

खोलीबद्दल: भाडं घेतलंत की खोलीचा वापर त्याचा. त्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नका. पाणी गळतं का बघायचं असेल तर त्याला मेसेज करा, त्याचं उत्तर जपून ठेवा, शेजारच्या कुणाला तरी सोबत घेऊन उघडा आणि व्हिडिओ काढा.

वझरी_दादा
वकीलबाय, छान लिहिलंत. पुस्तकातलं कळलं, आता खरं काय होतं ते मी सांगतो.

माझा मावसभाऊ म्हापशाजवळ दोघा मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहत होता. एकाच्या बॅगेत एमडीएमए हा नशेचा पदार्थ मिळाला. भाऊ तेव्हा कामावर होता. तरी तिघांनाही घेतलं. कारण काय, तर खोली एकच, बॅग पलंगाखाली, पलंग कोणाचा हे कोणी सांगेना. एमडीएमएची व्यापारी मात्रा, म्हणजे ज्याच्या वर धंद्याचा साठा धरतात ती मर्यादा, फक्त १० ग्रॅम. बॅगेत त्याहून जास्त होतं. म्हणजे कलम ३७ लागलं. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्हींबद्दल कोर्टाची खात्री झाल्याशिवाय जामीन नाही. खटला चालायच्या आधीच निर्दोष वाटायला हवा! शेवटी तो सुटला, पण नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. "माहीत नव्हतं" हे खरं होतं. ते कोर्टाला पटेपर्यंत माणूस आतच होता.

अबोली_साखळी
१० ग्रॅम म्हणजे व्यापारी? मला वाटत होतं किलोत मोजतात.

वझरी_दादा
पदार्थाप्रमाणे बदलतं. गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यापारी. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एलएसडी तर ०.१ ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी, म्हणजे तिकिटासारखे कागदाचे तुकडे वहीत ठेवले तर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. व्यापारी मात्रेला किमान १० वर्षं, कमाल २०, शिवाय किमान १ लाख दंड. आम्ही हे सगळं घरातला माणूस आत गेल्यावर शिकलो.

काळाकोट
दादा, तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. अटकेच्या वेळी पोलीस सगळ्यांना घेतात आणि कोणाचं काय हे पुढे ठरतं. कलम ३७ मध्ये त्या "पुढे"ला फार वेळ लागतो.

पेडण्याचा_पायलट
प्रश्न गाडीबद्दल. माझ्या भावाचा रेंट-अ-बाईकचा धंदा. काळी पाटी, पिवळी अक्षरं, सगळं रीतसर. स्कूटर दिवसाला चार हात बदलते. सीटखाली कोण काय ठेवतो कोणास ठाऊक. स्कूटर पकडली गेली तर मालक आरोपी का?

काळाकोट
@पेडण्याचा_पायलट, दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, मालक गुन्हेगार का? त्याला वर लिहिलेलंच उत्तर, जाणूनबुजून दिली असेल तरच. दोन, गाडी सरकारजमा होईल का? इथे कलम ६० बघा. गाडी वाचवायची तर मालकाला दाखवावं लागतं की त्याला, त्याच्या एजंटाला आणि गाडी ज्याच्या हवाली होती त्यालाही माहीत नव्हतं, शिवाय त्या प्रत्येकाने असा वापर होऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घेतली होती. भाड्याच्या गाडीत नेणाराच गुन्हेगार असतो, म्हणून हे सिद्ध करणं सोपं नसतं. तरी खबरदारीचा पुरावा लागतोच: करारपत्र, लायसन्सची प्रत, घेतल्याची आणि परत केल्याची वेळ, देताना-घेताना सीटखाली उघडून बघितल्याची नोंद. एवढं असलं तर मालक ताठ मानेने उभा राहू शकतो.

खटला संपेपर्यंत गाडी ठाण्याच्या आवारात गंजू द्यायची का? जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आसामच्या एका ट्रकबद्दल निकाल दिला. ट्रकमधल्या प्रवाशाकडे साबणाच्या डब्यांत हेरॉईन होतं, मालकावर आरोपच नव्हता. गाडी उन्हापावसात सडवून कोणाचाच फायदा नाही म्हणत कोर्टाने ती अटी घालून मालकाकडे सोडायला सांगितली. भावाला हा निकाल वकिलाला दाखवायला सांगा.

इन्सुलीकर
आमच्या बाजूला गांजापेक्षा "गोवा बनावटीची दारू" जास्त. रोजच्या पेपरात असतेच. पत्रादेवी ओलांडून बांद्याला आलात की महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा, १९४९ चा. गोव्यात दुकानातून बिल घेऊन घेतलेली बाटली इकडे विनापरवाना आणली की गुन्हा. आणि इथेही तोच घोळ. टेम्पो एकाचा, चालवणारा दुसरा, माल तिसऱ्याचा. पकडला जातो चालवणारा, टेम्पो जातो मालकाचा, आणि ज्याचा माल तो सावंतवाडीत चहा पीत बसलेला असतो.

एका टेम्पोत वर फणस, खाली खोके. फणस इतके पिकलेले की वासानेच तपासणी लांबली. 😄

कुळागर_फोंडा
फणसाने माणूस पकडून दिला म्हणायचा! 😄

इन्सुलीकर
हसा तुम्ही. तो ड्रायव्हर आमच्या गावचा. बायको, दोन पोरं. त्याला ठाऊक होतं यात शंका नाही, पण खोके भरणाऱ्याचं नाव त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. माल एकाचा असतो आणि भोगतो दुसराच.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे खाजगी बसच्या अटेंडंटकडे पाकीट देऊन "पलीकडे माणूस येईल" म्हणायची सवय आहे. औषधं, चाव्या, कागद, काजू, सगळं जातं. मी स्वतः अटेंडंटच्या कामावर काढलेल्या वर्षांत कोणीही पाकीट उघडून दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता मात्र विचारायलाच हवं.

तांबडीमाती
@इन्सुलीकर, १००% सहमत. मी तर विमानतळावर कोणी "काकू, ही पिशवी जरा धरा" म्हणालं तरी मागे सरते.

समुद्रपक्षी
मी वेगळा मुद्दा मांडतो. इथे सगळे "माहीत नव्हतं म्हटलं की सुटलो" असं धरून चालले आहेत. कलम ३५ वाचा. आरोपीला जाणीव होती, हेतू होता हे कोर्ट गृहीतच धरतं. नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही "बहुधा नसावी" इतपत चालत नाही, वाजवी शंका उरणार नाही इतकं पक्कं करावं लागतं. कलम ५४ सांगतं की ताबा दिसला आणि समाधानकारक खुलासा नसला की गुन्हा केला असं धरा. मग कलम २५ मधल्या "जाणूनबुजून" ला अर्थ काय राहिला? एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं. मांद्रेकरांच्या आईने "मला माहीत नव्हतं" हे कसं सिद्ध करायचं? न झालेली गोष्ट सिद्ध करता येते का?

काळाकोट
@समुद्रपक्षी, धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न विचारलात.

गृहीतक आहे, ते कडक आहे, आणि २००८ मध्ये नूर आगा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते घटनेला धरून असल्याचंही सांगितलं. पण त्याच निकालात पुढचं महत्त्वाचं आहे. हे गृहीतक हवेत उभं राहत नाही. पाया आधी सरकार पक्षाने घालायचा. वस्तू खरंच मिळाली, रीतसर मिळाली, सीलबंद झाली, तीच प्रयोगशाळेत गेली, आणि आरोपीचा तिच्याशी संबंध आहे, एवढं झाल्यावरच ओझं आरोपीकडे सरकतं. त्या खटल्यात अमृतसरच्या विमानतळावर एका अफगाण प्रवाशाच्या द्राक्षांच्या पेटीत हेरॉईन मिळाल्याचा आरोप होता. पेटीच कोर्टापुढे आणली नाही, नमुन्यांचा मेळ बसला नाही, आणि तो सुटला.

तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर २०२३ च्या हरभजनसिंग प्रकरणात आहे. ट्रकमध्ये माल मिळाला, मालक ट्रकमध्ये नव्हता, पण खालच्या कोर्टांनी त्याला कलम २५ खाली दोषी धरलं. सुप्रीम कोर्टाने सोडलं. कारण ट्रक त्याच्या माहितीने आणि संमतीने वापरला गेला हे आधी सरकार पक्षाने दाखवायला हवं होतं. ते न दाखवता "तुला माहीत नव्हतं हे तू सिद्ध कर" म्हणता येत नाही. घरमालकांनी हा निकाल जवळ ठेवावा.

समुद्रपक्षी
धन्यवाद. हे माहीत नव्हतं. तरी माझा मूळ आक्षेप कायम आहे. सुप्रीम कोर्टापर्यंत जायला त्या ट्रकमालकाची किती वर्षं गेली असतील? कलम ३५ संसदेने बदलायला हवं. खिशात माल मिळालेला आणि घर भाड्याने दिलेला, या दोघांना एकच गृहीतक लावणं अन्याय आहे.

वझरी_दादा
+१

वागातोरचा_वारा
माझं मत उलट आहे, आणि वाईट वाटून घेऊ नका. आमच्या किनारपट्टीला तिप्पट भाडं मिळतं म्हणून कोणी काही विचारत नाही. रात्री दोनला माणसं येतात-जातात, दर आठवड्याला नवे चेहरे, भाडं रोख. आणि छापा पडला की सगळे मालक "आमकां खबर ना". खबर नसते की खबर करून घ्यायची नसते? कायदा कडक नसता तर हणजूणपासून हरमलपर्यंत एकाही मालकाने भाडेकरूचं आधार कार्डसुद्धा बघितलं नसतं. आमच्या वाड्यावरची दोन पोरं यात गेली. त्यांच्या आयांकडे बघून बोलतो आहे.

मांद्रेकर (धागाकर्ता)
@वागातोरचा_वारा, तुमचा राग समजतो. पण आमचा भाडेकरू नियमित भाडं देतो, तेही बँकेतून. आईने त्याची ओळखपत्रं घेतली आहेत.

वागातोरचा_वारा
तुमच्याबद्दल नव्हतं ते. पोलिसांकडे भाडेकरू पडताळणीचा अर्ज दिला आहे का?

मांद्रेकर (धागाकर्ता)
नाही. ते राहिलंय.

वागातोरचा_वारा
उद्याच द्या.

काळाकोट
वागातोरच्या मुद्द्यात कायद्याच्या दृष्टीनेही तथ्य आहे. जाणीव होती की नाही हे कोणी मनात डोकावून बघत नाही, आजूबाजूच्या परिस्थितीवरून ठरवतात. बाजारभावापेक्षा खूप जास्त भाडं, रोखीचा व्यवहार, शेजाऱ्यांच्या तक्रारी येऊनही गप्प बसणं, या गोष्टी सरकारी वकील मांडतो. उलट करारपत्र, बँकेतलं भाडं, पडताळणी अर्जाची पोच या गोष्टी मालकाच्या बाजूने बोलतात. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावीच लागते. पर्यटकांना खोल्या देत असाल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणीही हवी.

कुळागर_फोंडा
मित्रांबरोबर गाडीत बसणाऱ्या पोरांचं काय? माझा मुलगा कॉलेजात आहे. शनिवारी पाचजण एका गाडीत कोलव्याला जातात. एकाच्या बॅगेत काही असलं तर?

काळाकोट
@कुळागर_फोंडा, दोन निकाल शेजारी ठेवा. २००२ चा अवतारसिंग: वाहनात पोस्ताच्या (अफूच्या बोंडांच्या) भुश्श्याची पोती, एक चालवत होता, दोघे पोत्यांवर बसलेले. नुसतं पोत्यांवर बसणं म्हणजे ताबा नव्हे असं म्हणून सोडलं. २००३ चा मदनलाल: हिमाचलात खाजगी गाडीत चरस मिळालं आणि गाडीतले सगळे दोषी ठरले. ते एकमेकांना ओळखत होते, गाडी सार्वजनिक नव्हती, आणि एकत्र का निघाले याचा खुलासा कोणी दिला नाही. मुलाची गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे. कदंबाच्या बसमध्ये शेजाऱ्याच्या पिशवीत माल निघाला तर तुम्हाला कोणी धरणार नाही, मित्राच्या गाडीत मात्र प्रश्न विचारले जातात.

२०२१ च्या ऑक्टोबरमधलं मुंबईहून गोव्याला निघालेल्या क्रूझचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. एका तरुणाकडे काहीच मिळालं नव्हतं, मित्राच्या बुटात ६ ग्रॅम चरस होतं. मित्राकडे आहे हे याला माहीत होतं, म्हणून ताबा याचाही, असा युक्तिवाद झाला. महिनाअखेर मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, कट रचल्याचा पुरावा दिसत नाही म्हटलं, आणि २०२२ च्या मे महिन्यात पुराव्याअभावी त्याच्यावर आरोपपत्रच ठेवलं नाही. नुसतं माहीत असणं पुरत नाही, त्या वस्तूवर हुकमतही हवी. मुलाला सांगा, गाडीत काही आहे असं कळलं तर तिथेच उतर आणि घरी फोन कर. रागावू नका म्हणजे तो फोन करेल.

कुळागर_फोंडा
आज रात्री जेवताना बोलतो. मनापासून आभार, ताई.

मोगरा_डिचोली
हा धागा आठवडाभर नुसता वाचते आहे. आज लिहिते. माझ्या धाकट्या भावाला व्यसन आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या कपाटात काय असतं तेही अंदाजाने माहीत आहे. मग आई-बाबांचा आणि माझाही ताबा झाला का? आम्ही त्याला पोलिसांत द्यायचं का?

काळाकोट
मोगरा, असं लिहायला धीर लागतो.

घरात चार माणसं राहत असतील तर नेमका कोणाचा ताबा हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. त्याचं कपाट, त्याची किल्ली, तर ताबा त्याचा. तुम्ही त्याच्यासाठी पैसे पुरवू नका, वस्तू लपवू नका, पोलीस आले तर इकडची तिकडे करू नका. एवढं पाळलंत तर तुम्ही सुरक्षित आहात.

त्याच्यासाठी कायद्यात एक दार उघडं आहे. कलम ६४अ. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेली, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार पुरे केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येतं. अटक व्हायच्या आधी हे करा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, बोलू.

तांबडीमाती
मोगरा, माझाही व्यनि बघ. आमच्या घरात हे होऊन गेलंय. भाऊ आता बरा आहे.

माजी_पंच
पंचायतीत पाच वर्षं होतो म्हणून एक भर. खोलीचं चाललंय, पण गच्चीवरच्या आणि परसातल्या कुंड्यांचं काय? भाडेकरू कुंडीत गांजाचं झाड लावतात, मालकाला वाटतं झेंडूचं रोप. झाड वाढवणं हा वेगळा गुन्हा, कलम २० खाली १० वर्षांपर्यंत. शिवाय कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत अशी लागवड आहे हे ठाऊक असूनही जो कळवत नाही तो शिक्षेला पात्र. पुढचं ४७ तर आम्हा पंच-सरपंचांनाच लावलंय, कळलं की आम्हीही कळवायचं. किती पंचांना हे माहीत आहे? आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ग्रामसभेत हे वाचून दाखवायला हवं.

आणि छाप्याच्या वेळी पंच म्हणून, म्हणजे साक्षीदार म्हणून, सही करायला बोलावलं तर न वाचता सही करू नका. समोर जे घडलं तेवढंच लिहिलंय का बघा. आता झडतीचं व्हिडिओ चित्रण करायचं असतं, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते आलंय. मालकाच्याही भल्याचं आहे.

रापणकार
मी सुरुवातीला "उघडा" म्हणालो होतो. पण समजा परवानगीने उघडली आणि खरंच काही दिसलं, तर? माझ्यासारखा माणूस ते उचलून खाडीत फेकून देईल.

काळाकोट
तेच करायचं नाही, @रापणकार! उचललंत की ते खरोखर तुमच्या हातात आलं, आणि फेकलंत तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम २३८. हात लावू नका, दार ओढून घ्या, ११२ ला फोन करा, वेळ लिहून ठेवा. कळल्यानंतर तसंच चालू दिलं तर मात्र कलम २५ मधलं "जाणूनबुजून" पूर्ण होतं. कळलं त्या क्षणापासून घड्याळ सुरू.

मांद्रेकर (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. पडताळणीचा अर्ज काल दिला, पोच मिळाली. मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोललो. खोली उघडून गळती बघायला त्याने हरकत घेतली नाही, लेखी मेसेजही पाठवला. रविवारी शेजारच्या काकांना घेऊन उघडणार. करार कधी केलाच नव्हता, तो आता करतोय. त्यात हे घालू का, बघा:

"भाडेकरूने खोलीत कोणतीही बेकायदेशीर वस्तू ठेवल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी भाडेकरूची राहील. घरमालकाची कसलीही जबाबदारी राहणार नाही. घरमालकाकडे खोलीची एक किल्ली राहील व पूर्वसूचना देऊन खोलीची पाहणी करता येईल."

वझरी_दादा
मला तर पक्कं वाटतंय.

काळाकोट
दुसरं वाक्य काढा. फौजदारी जबाबदारी दोघांनी आपसात करार करून टाळता येत नाही, कोर्ट त्याला किंमत देणार नाही. त्याऐवजी लिहा की असं काही आढळल्यास घरमालक पोलिसांना कळवेल आणि करार तिथेच संपेल. "पूर्वसूचना" च्या पुढे "२४ तासांची, लेखी" घाला. किल्लीबद्दल लिहिलंत ते उत्तम, फक्त "आपत्कालीन वापरासाठी, घरमालकाच्या ताब्यात" असं स्पष्ट करा आणि आईंशिवाय ती कोणाच्या हाती जाणार नाही तेही लिहा. सामानाची यादी जोडा, दोघांच्या सह्या घ्या. अकरा महिन्यांचा करार असला तरी नोटरी करून घ्या.

मांद्रेकर (धागाकर्ता)
बदल केले. सामानाची यादी रविवारीच काकांसमोर करतो.

माजी_पंच
यादी करताना गच्चीवरच्या कुंड्याही मोजा.